ईव्ही व्हॅनचं स्टेअरिंग जड, दोष भलतीकडेच: नागपूरची एक केस

गाडी छोटी चारचाकी, पूर्ण इलेक्ट्रिक, मागे बंद डबा, कुरिअर आणि किराण्याचे पार्सल वाहायला. कंपनीचं नाव लिहत नाही कारण यात खराब निघालेला पार्ट जवळपास सगळ्याच छोट्या गाड्यांत असतो, पेट्रोल असो का बॅटरी. रोजचा रूट असा की सकाळी वाडीच्या गोडाऊनमधून माल भरायचा, रिंग रोडने खाली यायचं, मग त्रिमूर्ती नगर, नरेंद्र नगर, मनीष नगर, बेसा, आणि अधूनमधून इतवारी-गांधीबागचा फेरा. इतवारीचा फेरा म्हणजे काय ते नागपूरवाल्याला सांगायला नको, जागेवर उभं राहून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, मागून रिक्षावाला हॉर्न मारतोय, समोर हातगाडी. अशा गाड्यांची देखभाल माझ्याकडे असते, त्यातल्या एकीची ही गोष्ट.

पावसाळा संपता संपता ड्रायव्हरची तक्रार आली. तो उमरेडकडचा, त्याच्या भाषेत सांगतो: "सर, गाडीले काहीतरी झालं, वळवल्यावर स्टेअरिंग आपल्या मनानं सरळ येऊन नाही राहिलं, ओढून आणा लागते." दुसरी गोष्ट त्याने सांगितली ती जास्त कामाची निघाली, की सकाळी गोडाऊनमधून निघताना जास्त जड वाटते, दुपारपर्यंत थोडी मोकळी होते. आणि तिसरी, रिंग रोडवर सरळ जातानाही गाडी डावी-उजवी डोलते, सारखं सावरत राहावं लागतं. इतवारीचा फेरा केला त्या दिवशी संध्याकाळी डॅशबोर्डवर स्टेअरिंगची पिवळी लाइट लागायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू केली की गायब.

आता इलेक्ट्रिक गाडी म्हटली की सगळ्यांचं डोकं आधी वायरिंगकडे जातं. जो तो म्हणे सेन्सर गेला, मोड्यूल गेला, सॉफ्टवेअर अपडेट करा. आणि काही मिस्त्री तर गाडीखाली वाकायलाच तयार नाहीत, मोठ्या बॅटरीची हाय-व्होल्टेज नारिंगी केबल दिसली की "नको भाऊ, करंट मारते" म्हणून बाजूला. भीती चुकीची आहे असं मी म्हणणार नाही, नारिंगी केबलमध्ये जीव घ्यायएवढा करंट असतोच, पण या गाडीचं पॉवर स्टेअरिंग त्या केबलवर चालतच नाही. ते चालतं साध्या १२ व्होल्टवर, जी छोटी बॅटरी हॉर्न आणि हेडलाइट चालवते तीच. पेट्रोल गाडीत ती छोटी बॅटरी अल्टरनेटर चार्ज करतो, ईव्हीत डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून करंट घेऊन चार्ज करतो, एवढाच फरक.

म्हणून पहिला संशय त्या १२ व्होल्टवरच घेतला आणि तो रास्त होता. स्टेअरिंगची मोटर जागेवर फिरवताना क्षणभर भरपूर करंट ओढते, बॅटरी म्हातारी असली की व्होल्टेज पडतं आणि ईपीएसचा, म्हणजे इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगचा, कंट्रोलर मदत कमी करतो किंवा लाइट लावतो. त्यात नागपूरचा मे महिना, ४५ च्या वर पारा, त्या उन्हात छोट्या बॅटऱ्या लवकर मरतात हे इथल्या कुठल्याही बॅटरीवाल्याला विचारा. मीटर लावला. गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास, रेडी मोडमध्ये (गाडी चालू, निघायला तयार) चौदाच्या आसपास, आणि एकाने स्टेअरिंग टोकाला दाबून धरलं, दुसऱ्याने मीटर पाहिला, तेव्हाही तेराच्या खाली काही उतरलं नाही. म्हणजे बॅटरी ठीक, कन्व्हर्टर ठीक, तो विषय संपला. नवीन बॅटरी टाकून पाहू असं म्हणणारे होतेच, पण मीटर ठीक दाखवत असताना पार्ट बदलण्यात काय अर्थ.

मग टायर. समोरच्या टायरात हवा कमी असली की स्टेअरिंग जड होतंच, ती बरोबर होती. अलाइनमेंटवाल्याकडे नेली, त्याने टो, म्हणजे समोरच्या चाकांची आत-बाहेर वळलेली ठेवण, थोडा मापाबाहेर गेलेला दाखवला तो सेट केला. तो बाहेर का गेला हेही उघड आहे, आपल्याकडे सिमेंट रोड झाले पण रोड आणि बाजूची गल्ली यांच्यात जी पायरी राहिली ती दिवसात कितीतरी वेळा ही गाडी चढते-उतरते, तिथे चाकांना वळवणारे टाय रॉड मार खातातच. टाय रॉड एंड हलवून पाहिले, ढिलेपणा नाही, रबर बूट फाटलेले नाहीत. अलाइनमेंट झाली, पण स्टेअरिंग परत यायचं नाव नाही.

त्यानंतर गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेली. स्कॅनर लावला, जुना फॉल्ट कोड निघाला तो असिस्ट मोटर, म्हणजे स्टेअरिंगला मदत करणारी मोटर, जास्त गरम झाल्याचा. आणि लगेच इस्टिमेट, पूर्ण स्टेअरिंग कॉलम असेंब्ली (स्टेअरिंगखालचा दांडा) मोटरसकट बदला, आकडा पाच आकडी आणि पार्टला वेट करा. गाडीची साधी वॉरंटी संपलेली, फक्त बॅटरीची चालू, म्हणजे सगळा खर्च आपला. कोड खोटा नव्हता, मोटर खरंच गरम होत होती. पण कोड सांगतो ओरडतंय कोण, मारतंय कोण ते नाही सांगत. मोटर गरम व्हायला मोटरच खराब असायला पाहिजे असं थोडंच आहे, तिच्यापुढे काही अडलेलं असेल तरी ती जोर लावून लावून गरम होईलच.

आणि ड्रायव्हरचं ते वाक्य, सकाळी जास्त जड. मोटर गरम होऊन मदत कमी होत असती तर उलटं व्हायला पाहिजे ना, सकाळी मोकळी आणि दुपारी जड. इथे थंड गाडी जड आणि चालून चालून मोकळी, म्हणजे काहीतरी जाम होतं जे फिरून फिरून थोडं सुटत होतं. हे सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला सांगून पाहिलं, त्याने मान हलवली आणि तेच इस्टिमेट पुन्हा पुढे सरकवलं.

शेवटी वाडीतल्याच एका जुन्या मिस्त्रीकडे गाडी नेली, त्याला सगळे उस्ताद म्हणतात, ट्रकचे स्टेअरिंग बॉक्स खोलण्यात आयुष्य गेलं त्याचं. ईव्ही म्हणून तोही आधी कचरला. त्याला दोन गोष्टी दाखवल्या. एक, नारिंगी केबल कुठून कुठे जाते आणि आपलं काम तिच्यापासून लांब आहे. दुसरी, जॅक कुठे लावायचा. ही दुसरी गोष्ट खरंच महत्त्वाची, कारण या गाड्यांच्या पोटाखाली बॅटरीचा सपाट डबा असतो आणि सवयीने मिस्त्री मधोमध जॅक सरकवतो, तो डबा दबला तर स्टेअरिंगचा खर्च विसरा, गाडीच गेली समजा. बाजूला चेसिसवर कंपनीने जागा दिलेल्या असतात, तिथेच उचलायची आणि स्टँड लावायचे. उस्ताद म्हणाला, "एवढंच आहे तर मंग काहून भेवायचं," आणि कामाला लागला.

त्याने जे केलं ते सर्व्हिस सेंटरमध्ये पहिल्याच दिवशी व्हायला पाहिजे होतं. समोरची दोन्ही चाकं हवेत, गाडी पूर्ण बंद, म्हणजे मोटरची मदत शून्य, आणि स्टेअरिंग हाताने अगदी हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. जड, मोकळं, जड, मोकळं. एका पूर्ण चक्करमध्ये बरोबर दोनदा जड, आणि ते अर्ध्या-अर्ध्या चक्करवर. मला म्हणाला तुम्ही फिरवा, मी फिरवलं, हाताला स्पष्ट कळत होतं, डोळे मिटून सांगता येईल इतकं.

ही जी "चक्करला दोनदा"ची खूण आहे ती नीट समजून घ्या कारण अख्खी केस इथे सुटली. स्टेअरिंगमध्ये जड व्हायच्या जागा बऱ्याच आहेत आणि प्रत्येकाची चाल वेगळी असते. रॅक, म्हणजे चाकं वळवणारी खालची दातेरी पट्टी, घासला असेल तर तो एका ठराविक जागी जड लागतो, बहुतेक मधोमध जिथे तो जास्त वापरला जातो, दर अर्ध्या चक्करला तो पुन्हा पुन्हा जड लागणार नाही. खालचा बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनच्या वरचं बेअरिंग जाम असेल तर सगळीकडे सारखं जड लागतं. कॉलमवरची मोटर वर्म गिअरने जोडलेली असते आणि स्टेअरिंगच्या एका चक्करमध्ये ती पंधरा-वीस वेळा फिरते, म्हणजे तिचं बेअरिंग खडबडीत झालं असतं तर हाताला बारीक बारीक दाते लागल्यासारखं वाटलं असतं. पण चक्करला बरोबर दोनदा जड होणारी वस्तू एकच, क्रॉस, म्हणजे तिरके जोडलेले दोन दांडे एकत्र फिरवणारा अधिक चिन्हासारखा सांधा. तिरक्या कोनात फिरणाऱ्या क्रॉसची एक पिन जाम झाली की ती दर अर्ध्या फेरीला त्याच अवघड कोनातून जाते, आणि तिथे अडते.

क्रॉस असतो कुठे, तर स्टेअरिंग कॉलम वर केबिनमध्ये, रॅक खाली चाकांच्या मधे, आणि दोघांना जोडणारा एक लहानसा शाफ्ट तिरका जातो, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस. कॅटलॉगमध्ये इंटरमीडिएट शाफ्ट, गॅरेजमध्ये नुसतं क्रॉसवाला शाफ्ट. जुन्या हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगमध्ये तेलाचा जोर थेट रॅकवर लागायचा, या शाफ्टवर फक्त ड्रायव्हरच्या हाताचा जोर यायचा. या गाडीत मोटर वर कॉलमवर बसलेली, म्हणजे हाताचा जोर आणि मोटरचा जोर दोन्ही याच शाफ्टमधून खाली जातात. त्यात बॅटरीचं वजन, मागे माल, आणि दिवसभर जागेवर वळवणं. त्या बिचाऱ्या क्रॉसवर काय येत असेल विचार करा.

आणि मोटर आहे म्हणूनच दोष इतके दिवस लपला. गल्लीत हळू चालताना मोटर भरपूर मदत करते, क्रॉस अडला तरी ढकलून नेते, ड्रायव्हरला फार कळत नाही, फक्त मोटर तापते. रिंग रोडवर वेग वाढला की मदत मुद्दाम कमी केलेली असते, मग तिथे जामपणा उघडा पडतो. वळणानंतर स्टेअरिंग सरळ येतं ते चाकांच्या झुकावामुळे, टायर स्वतः सरळ व्हायला बघतात, पण तो जोर लहान असतो, जाम क्रॉस त्याला पुरून उरतो. ड्रायव्हरच्या तिन्ही तक्रारी आणि ती पिवळी लाइट, सगळं या एकाच पार्टमधून निघालं.

आता खोलायचं काम. चावी काढून लांब ठेवली, १२ व्होल्टची मायनस काढली, मॅन्युअलमध्ये सांगितलं तेवढं थांबलो. चाकं सरळ केली. आणि शाफ्टला हात लावायच्या आधी उस्तादला एक गोष्ट करायला सांगितली जी ट्रकवाल्यांना सवयीची नसते, सीट बेल्ट ओढून स्टेअरिंगच्या आरीतून घालून लॉक केला, म्हणजे स्टेअरिंग जागचं हलणार नाही. शाफ्ट निघाला की वरचं स्टेअरिंग मोकळं होतं आणि कोणीतरी गंमत म्हणून दोन-तीन चक्कर फिरवतो, आत हॉर्नच्या वायरीची जी गुंडाळलेली पट्टी असते, क्लॉक स्प्रिंग, ती तुटते. मग हॉर्न बंद, एअरबॅग असेल तर तिची लाइट चालू, आणि नवा खर्च.

दोन्ही टोकांना पांढऱ्या पेंटने खुणा केल्या, शाफ्ट आणि तो ज्यावर बसतो त्या दाताळ्या टोकावर एकच सरळ रेघ. वरचा बोल्ट सहज निघाला. खालचा गंजून बसलेला, तेल मारून रात्रभर ठेवला, सकाळी टी-पान्याने सुटला. हा बोल्ट नुसता ढिला करून चालत नाही, पूर्ण काढावा लागतो, कारण तो रॅकच्या टोकाला असलेल्या खाचेतून आरपार जातो, नाहीतर हातोडी मारत बसाल आणि शाफ्ट हलणार नाही. हातोडी तशीही मारायची नाही, तो जोर सरळ रॅकच्या आतल्या गिअरवर जातो.

शाफ्ट हातात आला तेव्हा पाहायला मजा आली. वरचा क्रॉस सैल, आडवा धरला की वजनाने लगेच खाली पडतो. खालचा जिथे ठेवाल तिथेच थांबतो, वाकवायला दोन्ही हात लागतात, आणि वाकवताना कर्रर्र आवाज येऊन क्रॉसच्या पिनेवरच्या टोपीच्या कडेने तांबडी भुकटी पडते. वर जिथे शाफ्ट फ्लोअरमधून खाली जातो तिथलं रबरी बूट एका बाजूने फाटलेलं, आणि तिथून पाण्याचे ओघळ सरळ खालच्या क्रॉसवर गेल्याच्या खुणा. पाणी कुठलं, तर पावसात नरेंद्र नगरचा अंडरपास भरतो त्यातून गाडी काढलेली, ते एक. पण माझ्या मते मोठा वाटा वॉशिंगचा. डब्यावर स्टिकर आहेत ते चकाचक दिसले पाहिजेत म्हणून गाडी दर आठवड्याला प्रेशर गनने धुतली जाते, आणि धुणारा पोरगा चाकाच्या खोबणीत गन घालून चिखल उडवतो, बरोबर त्या क्रॉसवर. सील असलेल्या क्रॉसमध्ये एकदा पाणी शिरलं आणि ग्रीस निघालं की ते परत भरायला निप्पल नसतो.

उस्तादचं वेगळंच मत. म्हणे पेट्रोल-डिझेल गाडीत इंजिनच्या गरमीने खालचं पाणी सुकून जातं, आणि जुन्या गाड्या तर तेल गळून गळून स्वतःच पार्टांना वंगण लावतात, या बॅटरीच्या गाडीत सगळं थंड आणि कोरडं, गंजणारच. तेल गळण्याचं असं कौतुक मी पहिल्यांदा ऐकलं. पण गरमीचा मुद्दा मला पटण्यासारखा वाटला.

मग प्रश्न पार्टचा. उस्तादने दोन पर्याय ठेवले जे त्याच्या लाइनमध्ये नेहमीचे, एकतर गॅसवर तापवून तेल सोडून मोकळा करायचा, नाहीतर जुन्या पार्टच्या दुकानातून तसाच दिसणारा शाफ्ट आणून वेल्डिंगने लांबी जमवायची. दोन्हीला नाही म्हटलं. तेल सोडलं तर उरलंसुरलं ग्रीसही धुऊन निघतं, चार दिवस मोकळा वाटतो आणि मग आधीपेक्षा घट्ट होतो. आणि स्टेअरिंगच्या शाफ्टवर वेल्डिंग हा विषय चर्चेचाच नाही, टेम्पो भरून चालला आणि ते टाकं वळणावर सुटलं तर स्टेअरिंग हातात फिरत राहील आणि चाकं कुठेही जातील. नुसता क्रॉस बदलू म्हटलं तर या शाफ्टच्या टोप्या कारखान्यात ठोकून बंद केलेल्या असतात, क्रॉस सुटा मिळत नाही. त्याच कंपनीच्या पेट्रोल गाडीचा शाफ्ट बसेल का हेही पाहिलं, दिसायला जुळा भाऊ, पण लांबीत फरक. शेवटी पार्ट काउंटरवरून नवा मागवला. किंमत चार आकडी, तीही खालच्या अंगाची. ज्या सर्व्हिस सेंटरने पूर्ण कॉलमचं इस्टिमेट दिलं त्यांच्याच काउंटरवर हा पार्ट वेगळा मिळतो, यावर मी काय बोलू.

नवा आला तेव्हा जुन्याच्या शेजारी ठेवून लांबी, दाते आणि दोन्ही टोकांना क्रॉस धरणाऱ्या काट्यांचा कोन जुळवला. काट्यांचं हे प्रकरण बारीक आहे. एका क्रॉसमुळे फिरण्यात जो चढउतार येतो तो दुसरा क्रॉस उलटा देऊन मिटवतो, पण त्यासाठी दोन्ही टोकांचे काटे एकमेकांशी ठराविक कोनात पाहिजेत. काही शाफ्ट मधोमध सरकणारे असतात, ते कोणी ओढून वेगळे केले आणि दोन दाते सरकवून परत घातले तर नवा कोरा शाफ्ट असूनही स्टेअरिंग चक्करला दोनदा जड-हलकं होतं, म्हणजे हुबेहूब जुना दोष. मग लोक म्हणतात नवा पार्टही डुप्लिकेट निघाला. म्हणून नवा शाफ्ट पॅकिंगमधून काढला की मधून ओढायचा नाही.

बसवणं अर्ध्या तासाचं काम. पेंटच्या रेघा जुळवल्या, बोल्ट नवे घेतले कारण या बोल्टांवर लॉकचा लेप असतो आणि तो एकदाच कामाचा. उस्ताद अंदाजाने पाना मारतो आणि त्याचा अंदाज पक्का आहे, तरी टॉर्क रेंच लावून मॅन्युअलमधल्या आकड्यावर कसले. फाटलेलं बूट नवीन टाकलं, हे विसरलं तर पुढच्या पावसात परत तीच कहाणी. बेल्ट सोडायच्या आधी चाकं अजून सरळच आहेत हे पाहिलं, मग स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत हाताने फिरवलं. शेवटपर्यंत एकसारखं, कुठेच अडकणं नाही.

१२ व्होल्टची मायनस परत जोडली तेव्हा पिवळी लाइट लागली आणि उस्तादचा चेहरा उतरला. पण हे अपेक्षित होतं, बॅटरी काढल्यावर बऱ्याच गाड्यांत स्टेअरिंग अँगलचा शून्य परत शिकवावा लागतो. काही गाड्या दोन्ही टोकांना फिरवून सरळ आणलं की स्वतः शिकतात, आमच्या गाडीला स्कॅनर लागला. चाकं सरळ ठेवून झीरो सेट केला, लाइट गेली. हे न करता गाडी रोडवर काढली असती तर कंट्रोलरला सरळ कुठे तेच माहीत नसतं आणि तो एका बाजूला ओढत राहण्याची भीती होती.

टेस्ट घेतली छत्रपती चौकातून मानेवाड्याकडे रिंग रोडने, ड्रायव्हर स्वतः चालवत होता. वळण घेऊन हात ढिले सोडले की स्टेअरिंग सरसर सरळ. मग मुद्दाम इतवारीत नेली, भर दुपारी, गल्लीत मागेपुढे करून घेतली, लाइट लागली नाही. त्यानंतर आजपर्यंत तो कोड परत आलेला नाही. जुना कॉलम, जुनी मोटर, जुना सेन्सर, सगळं तेच आहे.

बाकी गाड्याही एकेक करून समोरून उचलल्या आणि बंद करून हाताने फिरवून पाहिल्या, पाच मिनिटांचं काम आहे. एकीत तीच चक्करला दोनदाची चाल सुरू झालेली, अजून ड्रायव्हरच्या लक्षात आलेली नव्हती, तिचा शाफ्ट मागवलाय. दोघींचे फ्लोअरवरचे बूट तडकलेले होते ते बदलले. वॉशिंगवाल्याला सांगून ठेवलं की चाकाच्या आत गन मारायची नाही, तिथे साध्या पाइपचं पाणी, आणि पोरगा ऐकेल का हे पुढच्या तपासणीत कळेलच.